वरच्या मजल्यावरचा उजेड

चष्मेवाल्यांनी घरची सगळी बिलं मोबाइलवर आपोआप भरली जातील अशी सोय केली, आणि त्यांना रिकाम्या दुपारी सापडू लागल्या. एरवी वीज, पाणी, गॅस अशा वेगवेगळ्या खिडक्यांपुढे ताटकळण्यात त्या जायच्या. आता ते दुकानात गल्ल्यामागे निवांत बसत. रस्त्यावरचं ऊन मांडलेल्या भिंगांतून छतावर सांडे, त्याचे कवडसे हळूहळू सरकत, आणि चष्मेवाले त्यांच्याबरोबर कुठल्या कुठे जाऊन पोचत. गिऱ्हाईक समोरच्या तक्त्यावरची अक्षरं चुकीची वाचे आणि हे म्हणत, "अगदी बरोबर."

अधूनमधून 'भरणा यशस्वी' असा मेसेज येई. कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं तसं त्यांना वाटे. घरी येणारी पाकिटं ते न फोडताच रद्दीत टाकत.

एका संध्याकाळी गाण्याच्या मधेच रेडिओ थांबला. दिवेही गेले.

बायको गॅलरीतून डोकावून आली. "अहो, फक्त आपलेच गेलेत. वर मावशींकडे तर लखलखाट आहे."

चष्मेवाल्यांनी वीज कार्यालयाला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "तुमचं बिल कित्येक महिने थकलंय, म्हणून वीज तोडली. तुम्ही भरताय ते तुमच्या वरच्या घराचं."

त्यांनी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"जगाचे नंबर काढता, आणि ग्राहक क्रमांक चुकवलात?" बायको म्हणाली.

"सहाचा आठ झाला असेल. आकडे बारीक होते."

"चष्मा लावायचा होतात."

"शोधण्यात वेळ गेला असता."

बायकोनं आपल्या मोबाइलवरून थकबाकी तिथल्या तिथे भरली. वीज मात्र सकाळीच जोडणार होते. "आता वर जा आणि मावशींना सरळ सांगून टाका," तिनं बजावलं.

मावशींचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. घरात त्या एकट्याच. पण आत बैठकीत, स्वयंपाकघरात, गॅलरीत, सगळीकडे दिवे लागलेले. बाहेरच्या अंधारात ते घर दिवे लावून निघालेल्या जहाजासारखं तरंगत होतं.

"या, बसा," मावशी म्हणाल्या. "फार उजेड वाटतोय ना? हे गेल्यावर मी एकाच दिव्यात बसायची. मग एकदा बिल भरायला गेले, तर म्हणाले, भरलेलं आहे. पुढच्या खेपेलाही तेच. जाताना हे म्हणाले होते, तू कशाची काळजी करू नकोस. मला वाटलं, सगळेच असं म्हणतात. पण माणसानं खरंच सोय करून ठेवली होती हो."

त्या गॅलरीकडे बघत राहिल्या. "म्हणून सगळे दिवे लावते. लांबून दिसत असतील त्यांना, असं आपलं वाटतं."

चष्मेवाल्यांनी जिना चढताना जुळवलेलं वाक्य तोंडातच विरघळलं. आपण कुणाच्या तरी स्वप्नात चपला घालून शिरलोय, असं त्यांना वाटत होतं.

बराच वेळ झाला तशी बायको वर आली. "सांगितलंत का?" तिनं दारातूनच विचारलं.

"काय सांगायचंय गं?" मावशींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता यजमानांनी केलेल्या सोयीची हकीकत तिलाही ऐकवली. ऐकता ऐकता बायको नवऱ्याशेजारी टेकली.

"आणि तुमच्याकडे आज अंधार कसा?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाली, "बिल भरायचं राहिलं, मावशी. आमचे हे फार विसराळू."

मावशींनी चष्मेवाल्यांकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "राग मानू नका हं, पण आमच्या ह्यांच्याकडून थोडं शिकून घ्यायला हवं होतंत. आधीपासून विचार करावा लागतो."

"हो," चष्मेवाले म्हणाले. "राहूनच गेलं."

"असू दे. आज इथेच बसा दोघं." मावशींनी उठून पंखा मोठा केला. "संकोच करू नका. आमच्याकडे वीज कितीही वापरली तरी चालते."