आर्कोचं इंग्रजी

कुत्र्याने कोणत्या भाषेत ऐकावं, हा प्रश्न कुत्र्यावर सोडता येत नाही. तो समाजाने विचारपूर्वक, आणि शक्यतो उपसमिती नेमूनच, सोडवावा लागतो. राजापूरपासून एसटीने तासाभरावर असलेल्या आमच्या गावात तो कसा सोडवला गेला, याची हकीकत इतर गावांना मार्गदर्शक ठरावी म्हणून देत आहे. (मी हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. उपसमितीचा सचिव मीच.)

आर्को हा शिकारी जातीचा जर्मन कुत्रा. आमच्या गावचा विनीत मुंबईत एका जर्मन इंजिनिअरची गाडी चालवायचा. साहेब मायदेशी परतला तेव्हा कुत्रा विनीतच्या पदरात पडला आणि विनीतने तो गावच्या बागायतदार संघाला देऊन टाकला. सोबत शिकारी कुत्र्यांच्या शिक्षणातल्या शब्दांची एक जर्मन पुस्तिका होती आणि आर्कोने तिकडे दिलेल्या परीक्षेचं प्रगतिपुस्तक होतं.

कुत्र्याची गरज होतीच. वानरांनी बागा धुऊन काढल्या होत्या. (शिकार करायची नव्हती, फक्त हुसकवायचं होतं. कायदा आम्हाला ठाऊक आहे.) त्यातही दमयंतीकाकूंची काजूची बाग अगदी रानाला लागून. बोंडं पिकायला लागली की टोळी उतरते, बोंडं चावते आणि बिया ओढ्यात भिरकावते. काकू एकट्या, आणि वर्षाचा आधार काय तो त्या काजूचा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या पत्र्याचा डबा बडवत बागेत उभ्या असतात. वानरांना आता डबा वाजल्याशिवाय जेवण जात नाही.

आल्या दिवशीच विनीतने चूक केली. काकूंच्या बागेत वानरं होती. त्याने आर्कोचा पट्टा सोडला आणि जर्मनमध्ये एक शब्द उच्चारला. एकच. आर्को सुटला तो थेट बागेच्या टोकाला. वानरं जी पळाली ती पलीकडच्या गावाच्या हद्दीत जाऊन थांबली, आणि आर्को परत येऊन विनीतच्या पायाशी बसला. काकूंनी डबा खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी स्वतः पाहिलं.

साहजिकच संघाची तातडीची बैठक बोलवावी लागली.

"काय बोललास तू कुत्र्याला?" अध्यक्ष रावजींनी विचारलं. विनीतने शब्द सांगितला. "त्याचा अर्थ काय?"

"शोध, असा कायतरी असंल."

"असंल? उद्या त्यानं सरपंचाला चावलान, तर आपण काय सांगितलेलं ता आपल्याला ठाऊक नको?"

मुद्दा बिनतोड होता. ज्या भाषेचा अर्थ संघाला कळत नाही त्या भाषेत संघाच्या कुत्र्याने काम करू नये, असा ठराव झाला. सर्व शब्दांचं इंग्रजीत भाषांतर करायचं ठरलं. मराठीत का नाही, असं काकूंनी विचारलं. पण मराठी संघाला येते आणि कुत्र्याला येत नाही. जर्मन कुत्र्याला येते आणि संघाला येत नाही. इंग्रजी दोघांनाही येत नाही, त्यामुळे कोणावर अन्याय होत नाही. भाषांतर पुरं होईपर्यंत आर्कोला संघाच्या पडवीत बांधण्यात आलं. विनीतची रजा संपली, तो मुंबईला गेला.

'बस', 'ऊठ', 'शोध' असले किरकोळ शब्द दुसऱ्या टप्प्यासाठी राखून आम्ही आधी अवघड शब्द घेतले. जर्मन लोक फार बारकाईचे. कुत्र्याच्या एकेका दोषाला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे. सापडलेली शिकार मालकाकडे न आणता वाटेतच खाणारा, त्याला एक शब्द. ती पुरून ठेवून, काही सापडलंच नाही अशा चेहऱ्याने परत येणारा, त्याला दुसरा. समोर काहीही नसताना भुंकत सुटणारा, त्याला तिसरा.

मी शब्दकोशातून काढलेला पहिला अर्थ वाचून दाखवला तेव्हा सगळ्यांनी सुहासकडे पाहिलं. देवळातला प्रसाद घरोघर पोचवायचं काम सुहासकडे असतं, आणि शेवटच्या घरांना फक्त टोपाचा वास मिळतो. दुसऱ्याला सगळे धाकूकडे वळले. संघाचं गवत कापायचं यंत्र धाकूने 'नीट' ठेवलं आहे. कुठे, ते गावाला अजून कळलेलं नाही. तिसऱ्याला कोणीच कुठे पाहिलं नाही, कारण रावजी अध्यक्ष होते.

नमूद करायला अभिमान वाटतो की स्वतःसाठी कोणीही तक्रार केली नाही. सुहास म्हणाला, "माझं काय न्हाय, पण धाकूला वाईट वाटंल." धाकूला सुहासची काळजी होती. रावजींना दोघांची. तेव्हा भाषांतराने कोणाचं मन दुखावू नये असं एकमताने ठरलं, आणि इथेच इंग्रजीची थोरवी कळते. वाटेत खाणं याचं मी 'ऑन-द-स्पॉट डिस्पोजल' केलं. पुरून ठेवणं म्हणजे 'सेफ कस्टडी'. उगाच भुंकणं म्हणजे 'पब्लिक अवेअरनेस'. हा शेवटचा शब्द रावजींना इतका आवडला की ते त्याच्यावर चहा थंड होईपर्यंत बोलले. (दुसरा मागवला. तोही थंड झाला.)

पुस्तिकेत गुणवाचक शब्दही आहेत. मेलेल्या जनावराजवळ बसून, माणसं जमेपर्यंत इमानाने भुंकत राहणारा कुत्रा तिकडे फार थोर समजतात. हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमीच की वो, गुरुजी." सचिवाच्या कामाचं असं जाहीर कौतुक क्वचितच होतं.

एक शब्द मात्र अडला. माग न सोडता अगदी शेवटपर्यंत जाणारा, सगळं पाहणारा, पण तोंडातून चकार आवाज न काढणारा कुत्रा. शिकाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. या शब्दाला शोभेल असा माणूसच गावात सापडेना, कारण आमच्याकडे गप्प बसणारं कोणी नाही. तो रकाना कोरा ठेवला.

मग नव्या इंग्रजीच्या आधारे आर्कोचं प्रगतिपुस्तक तपासलं आणि सगळे हादरलो. ऑन-द-स्पॉट डिस्पोजल: शून्य. सेफ कस्टडी: शून्य. पब्लिक अवेअरनेस: शून्य. जर्मनीतल्या शिक्षणाबद्दल आपण उगाच भारावून जातो. कुत्रा तिन्ही विषयांत नापास होता, आणि अशा कुत्र्याला बागेत सोडणं जोखमीचं होतं. संघाने त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं ठरवलं. सुहास, धाकू आणि रावजी यांनी एकेक विषय स्वतःहून घेतला.

काकू डबा घेऊनच बैठकीला आल्या. "गुरुजी, वांदरांनी अर्धी बाग खाल्लानी. त्याला एकदा सोडा. विनीत बोलला होता ता बोला नि सोडा."

"काकू, तो शब्द रद्द झाला आहे."

"मग नवा बोला."

"नवा दुसऱ्या टप्प्यात आहे."

काकूंनी आर्कोकडे पाहिलं. आर्को उठला, दोरी ताणून बागेच्या दिशेने उभा राहिला आणि कण्हल्यासारखा आवाज काढू लागला. खरं सांगतो, त्या वेळी मला कसंसंच झालं. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही, कारण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. रावजींनी त्याला बिस्कीट घातलं.

आर्को मुळात हुशार. थोड्याच अवधीत त्याने वाडीतल्या अंगणांत वाळत घातलेल्या बांगडा माशांचं जागच्या जागी डिस्पोजल सुरू केलं. सुहासची डावी चप्पल सेफ कस्टडीत गेली, ती आजही तिथे आहे. बैठकीत रावजी उभे राहिले की तो भुंकू लागतो आणि ते बसले तरी थांबत नाही, म्हणजे शिष्य गुरूच्या एक पाऊल पुढे गेला. तिन्ही विषयांत विशेष प्रावीण्य मिळाल्याबद्दल संघाने त्याचा शाल आणि पेढे देऊन सत्कार केला. पेढे त्याने तिथेच खाल्ले. शाल अजून सापडायची आहे.

सत्काराला काकूही आल्या. त्या दिवशी त्यांच्या बागेत एक बी उरली नव्हती. वानरं नेहमीप्रमाणे आली होती आणि काही न मिळाल्याने रागावून गेली होती. काकूंनी शालीतल्या आर्कोकडे पाहिलं.

"आला तवा कुत्रा होता," त्या म्हणाल्या. "आता संघाचा सभासद झाला." मग पत्र्याचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "ह्यो घ्या. मी लेकीकडं मुंबैला चालले. बाग मेली, आता तुमी वाजवा."

डबा दप्तरी जमा केला आहे.

भाषांतराचा पहिला टप्पा अशा रीतीने यशस्वीपणे पुरा झाला. राहिला होता तेवढा तो कोरा रकाना. पण वाचकहो, आपण पहिल्या ओळीपासून माग सोडला नाहीत. सुहास ओळखलात, धाकू ओळखलात, रावजी तर लगेच ओळखलेत. दोरी ताणून उभा असलेला कुत्रा पाहिलात, बाग जाताना पाहिलीत, आणि इथे शेवटपर्यंत आलात, तोंडातून चकार शब्द न काढता. उपसमितीने आपलं नाव एकमताने त्या रकान्यात घातलं आहे. हरकत असल्यास कळवावी. (आजवर एकाही वाचकाने कळवलेली नाही.)