स्टीफनचा व्हॉल्व्ह

ही गोष्ट २०२३ सालची. नगरचं अहिल्यानगर होणार अशी घोषणा झाली होती, पाट्या मात्र अजून जुन्याच होत्या. त्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी याकोब सरांनी आरशासमोर भांग पाडता पाडता बायकोला सांगून टाकलं, "हन्ना, येत्या रविवारी चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी मी. धरून चाल."

"मागच्या निवडणुकीलाही धरून चालले होते," हन्नाबाई भाजी निवडत म्हणाल्या.

"तेव्हा समोर माणसं होती. या वेळी एकटा आप्पासाहेब आहे. त्याला त्याच्या घरातलं कुणी मत देत नाही."

हे खरं होतं. आप्पासाहेबांचा स्वभाव असा, की त्यांना सलाम करायलाही लोक कचरायचे. याउलट याकोब सर निवृत्त मुख्याध्यापक, अर्धी मंडळी त्यांच्या छड्या खाऊन मोठी झालेली. रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायरीवर उभं राहायचं आणि येईल त्याचा सलाम घ्यायचा, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा मान होता. गेल्या वर्षभरात तो मान धाकट्या भावाने, स्टीफनने, काढून घेतला होता, आणि तेही त्याच्या लक्षात न येता. सरांना हेच जास्त झोंबायचं.

स्टीफन कुवेतची नोकरी सोडून परत आला आणि त्याने पहिलं काम केलं ते म्हणजे एक जुनी, लालभडक इटालियन मोटारसायकल घेतली. तिचे लाड मी काय सांगू! तिच्या इंजिनात रबरी पट्टे होते. ते गाडी चालवली तरी बदलायचे आणि नुसती उभी ठेवली तरी बदलायचेच. बॅटरीला रोज चार्जर लावायचा, पेशंटला सलाईन लावतात तसा. सिग्नलला थांबली की मांड्या भाजायच्या. स्टीफनची बायको स्टेला मागे बसताना मांडीखाली चादरीची घडी घ्यायची. आणि क्लचचा आवाज असा, की कुणी स्टीलच्या ताटल्यांचा ढीग जिन्यावरून सोडून दिलाय.

"बिघडली का रे?" पहिल्याच दिवशी सरांनी आशेने विचारलं होतं.

"नाही दादा, हा तिचा मूळचा आवाज आहे. हा थांबला तर समजायचं बिघडली."

अशा या गाडीभोवती दर रविवारी चर्चच्या आवारात जत्रा भरायची. पोरंटोरं सोडा, पाळकसाहेबसुद्धा झगा सावरत वाकून तिच्या पोटात बघायचे. सर पायरीवर एकटे उभे. त्यांची स्कूटर किती वर्षांत एकदाही बंद पडली नव्हती, पण तिच्याकडे कोण बघतो? एकदा त्यांनी न राहवून म्हटलं, "आमची स्कूटर बघा. फक्त पेट्रोल मागते, बाकी काही नाही."

"पण दादा, तुझ्या स्कूटरचं मूळ डिझाइनसुद्धा इटलीचंच," स्टीफन कौतुकाने म्हणाला.

त्या दुपारी सरांनी मटणाला हात लावला नाही. स्कूटरवर मात्र त्या दिवसापासून त्यांनी आच्छादन घातलं.

तर त्या सोमवारी, भांग पाडून होतो न होतो तोच स्टीफनचा फोन आला. तो आणि स्टेला पुण्याला मेहुणीकडे निघाले होते, आणि सुप्याच्या पुढे गाडीने मान टाकली होती. टेम्पोत घालून पुण्याच्या गॅरेजात नेली. व्हॉल्व्हचं काम निघालं. इंजिन उघडावं लागणार, सामान इटलीहून येणार. सगळं होईपर्यंत तिथेच मुक्काम.

"अरेरे," सर म्हणाले, आणि फोन ठेवून दोन भाकरी जास्त जेवले.

"चेहऱ्यावर उजेड पडलाय तुमच्या," हन्नाबाई म्हणाल्या.

बुधवारी घरगुती प्रार्थना मनकर्णाबाईंकडे होती. या महिला सभेच्या प्रमुख. वयाने मोठ्या, मनाने हळव्या, आणि एकदा रडायला लागल्या की सगळ्या सभेला रडवणाऱ्या. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाची काही विनंती आहे का प्रार्थनेसाठी?"

सरांना सुचलं, की या गाडीचं जरा जाहीर हसं करावं. ते उठले, आवाज खोल केला आणि म्हणाले, "आमच्या स्टीफनसाठी प्रार्थना करा. पुण्याला नेलंय. व्हॉल्व्ह गेलाय. उघडावं लागणार म्हणतात. सामान इटलीहून यायचंय."

इथे क्षणभर थांबून 'गाडीचा' म्हणायचं आणि सगळ्यांना हसवायचं, असा बेत होता. पण मंडळीत व्हॉल्व्ह हा शब्द तोवर दोनच ठिकाणी ऐकलेला, नगरपालिकेच्या पाण्याला आणि जुन्या पाळकांच्या हृदयाला. सर थांबले त्या क्षणात मनकर्णाबाईंनी हंबरडा फोडला, आणि पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. चालू प्रार्थनेत 'अहो, गाडीचा' असं कोण म्हणणार?

प्रार्थना लांबली. 'आमेन' झालं तेव्हा निम्म्या घराचे डोळे ओले होते आणि सगळे सरांकडे बघत होते. "काय धीराचा माणूस," कुणीतरी कुजबुजलं. आप्पासाहेबांनी येऊन हात हातात घेतला. किती तरी महिन्यांनी सरांभोवती अशी गर्दी जमली होती. 'गाडीचा' हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि सरांनी तो चहाबरोबर गिळला.

"आधी सगळ्यांना खरं सांगून या," घरी हन्नाबाई म्हणाल्या.

"सांगतो. रविवारी निवडणूक झाली की लगेच सांगतो. लोकांना आत्ता माझ्याबद्दल माया वाटतेय, ती कशाला मोडू?"

दुसऱ्या दिवशी महिला सभेने आळीपाळीने उपास धरले. स्टीफनच्या घराला कुलूप, म्हणून पायाचं सूप, मऊ भात, उकडलेली अंडी सगळं सरांच्या दारात येऊ लागलं. सूप पिऊन सरांचे गाल वर आले. त्यातच शनिवारी मनकर्णाबाईंनी थेट स्टीफनला फोन लावला. त्याला वर्षभर सगळे गाडीबद्दलच विचारायचे, त्यामुळे त्याला काही वेगळं वाटलंच नाही.

"कसं हाय रे बाळा आता?"

"उघडलं मावशी. आत बघितलं तर लई झीज."

"तू बघितलंस? भूल न्हाई दिली?"

"कसली भूल, मी शेजारी स्टूल घेऊन बसलो होतो. एक एक काढून ट्रेमध्ये ठेवत होते."

"परभू, परभू! आन् त्यो इटलीचा व्हॉल्व्ह आला का?"

"त्याला फार दिवस लागले असते. सोलापूरची एक होती, अपघातात गेलेली. तिचा काढून बसवला."

"कोन व्हती बिचारी?"

"अगदी नवी मावशी. धड चाललीसुद्धा नव्हती."

मनकर्णाबाईंच्या हातून फोन गळून पडला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं, की सोलापूरचं एक लेकरू, अजून पाऊलसुद्धा न टाकलेलं, आपल्या स्टीफनला जीवदान देऊन गेलं. आणि तो शूर माणूस स्वतःचं काळीज ट्रेमध्ये बघत स्टुलावर बसून होता. सरांनी हे ऐकलं तेव्हा ते सूपच पीत होते. त्यांना जोराचा ठसका लागला. लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीने गलबलून आलं.

रविवारी उपासनेनंतर सभा बसली. सर इस्त्रीच्या सफारीत पहिल्या बाकावर. पाळकसाहेबांनी सेक्रेटरीसाठी नावं मागितली तशी मनकर्णाबाई उठल्या.

"मी स्टीफनचं नाव सुचविते. ज्यानं मरान डोळ्यानं बघितलं त्येच्यापरास कोन मोठा? आन् सर काय म्हनतील? त्यांच्याच भावाचा मान हाय."

आप्पासाहेब उभे राहिले आणि आयुष्यात प्रथमच नरमाईने म्हणाले, "मी माझं नाव मागे घेतो." सगळी सभा सरांकडे बघू लागली. आता खरं सांगावं तर चार दिवस बायकांना उपाशी ठेवल्याबद्दल हीच सभा त्यांना दारापर्यंत पोचवणार, आणि न सांगावं तर हातातलं पद गाडीवाल्याच्या गळ्यात. सरांनी घसा खाकरला. "माझं... अनुमोदन आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. स्टीफन बिनविरोध निवडून आला.

टाळ्या थांबल्या आणि बाहेर स्टीलच्या ताटल्या जिन्यावरून घरंगळल्या.

सगळे खिडक्यांकडे धावले. हेल्मेट काढत स्टीफन उतरला, पाठोपाठ चादरीची घडी घेऊन स्टेला.

"आरं, कालच काळीज उघडलंय आन् गाडी काय चालवतो?" मनकर्णाबाई ओरडल्या.

"काळीज कुणाचं?" स्टीफन गोंधळला. "गाडीचे व्हॉल्व्ह होते मावशी. बघा ना, पुण्याहून इथवर एकदाही खोकली नाही."

एकेक मान सरांकडे वळली. सर छतावरचा पंखा बघत होते.

"दादा," स्टीफन आत येत म्हणाला. पाळकसाहेबांनी तोवर त्याला हळूच काय घडलं ते सांगितलं होतं. "तू माझ्या गाडीसाठी सगळ्या मंडळीला उपास धरायला लावलास? मला वाटायचं, तुला ती आवडत नाही." आणि त्याने सगळ्यांसमोर सरांना मिठी मारली. आप्पासाहेब आधी हसले, मग सगळी सभा. मिठीत अडकलेल्या सरांच्या मनात एवढंच आलं, की याचं मनसुद्धा आपल्यापेक्षा मोठं निघालं. हेही याच्याचकडे.

निवडणूक रद्द झाली नाही. प्रार्थनेने झालेलं काम परत फिरवायचं नाही, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांची दुसऱ्या वर्षी श्रीरामपूरकडे बदली झाली. मनकर्णाबाई आता विनंती घेताना आधी विचारतात, "मानसाची का मशीनची?" आप्पासाहेब त्या दिवशी हसले ते तेवढंच. स्टेला बसने फिरते. हन्नाबाईंनी पायाचं सूप करणं सोडलं. स्टीफन अजून सेक्रेटरी आहे, पण गाडीबरोबर त्याचा मुक्काम पुण्यालाच जास्त, आणि तो नसला की सेक्रेटरीच्या खुर्चीवर याकोब सर बसतात, सभा चालवतात, पायरीवर सलाम घेतात.

बुधवारच्या प्रार्थनेत सर हल्ली सगळ्यांत जास्त वेळ डोळे मिटून बसतात. काय मागतात ते कुणाला सांगत नाहीत. हन्नाबाईंनी मात्र एकदा शेजारी बसून कान दिला होता. इटलीचं सामान सावकाश येवो, असं काहीतरी होतं.