अण्णांचा बंद

लिहिण्याची माझी पात्रता नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि जर्नलपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. पण आमच्या धारवाडच्या प्रयोगशाळेतले सहायक अण्णा रेझिनच्या मण्यांशी कन्नडात बोलतात, हे कुणीतरी लिहायलाच हवं.

माणसांशी मराठी, मण्यांशी कन्नड. “त्यांना मराठी कळत नाही,” असं ते गंभीरपणे सांगतात.

हे मणी दिसायला भिजवलेला साबुदाणाच. काचेच्या उभ्या नळीत ते भरायचे आणि वरून झाडाच्या सालीचा अर्क ओतायचा. आपल्याला हवा तो पिवळा पदार्थ मण्यांना चिकटून बसतो. नंतर पाणी सोडलं की अर्कातली साखर वाहून जाते आणि अल्कोहोल सोडलं की पिवळा सुटून खाली येतो. अण्णा मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. त्यांच्या भाषेत, “साखर पाण्यानं जाते, तम्मा. आपला पिवळा पोरगा हट्टी. दारूशिवाय उतरत नाही.”

नियम एकच, नळी कोरडी पडता कामा नये. सुट्टीतही अण्णा मळमड्डीतल्या घरून स्कूटरवर येऊन तिच्यात पाणी घालून जातात.

अळणावरहून आणलेल्या सालीचा माझा अर्क बाटलीभरच होता. सोमवारी सरांना पदार्थ दाखवायचा होता. अर्क वाया गेला तर प्रोजेक्ट गेला आणि वर्षही. शनिवारी अर्धा अर्क नळीत घातला, पाण्यानं साखर धुतली आणि अल्कोहोल सोडलं.

नळीच्या खालच्या तोटीवर माझा हात होता. अण्णा स्टुलावर चढून वरची पातळी बघत पुटपुटत होते, “बारो, मगा, बारो.” ये रे बाळा, ये. पिवळा पट्टा बोटबोट उतरत होता.

“बंद!” अण्णा ओरडले.

कन्नडात ‘बंद’ म्हणजे ‘तो आला’. मला वाटलं, मण्यांशीच बोलताहेत. मी तोटी तशीच ठेवली आणि घाईनं खाली फ्लास्क धरला.

“अरे, तोटी बंद!” अण्णांनी उडी टाकून तोटी फिरवली. अल्कोहोल मण्यांच्या वर केसभर उरलं होतं.

“मला वाटलं, तो आला म्हणताय...”

“आला असता तर ओरडलो असतो का? नाचलो असतो!”

त्यांनी वरून अल्कोहोल ओतलं. मग ते स्टुलावर बसले. “नळी कोरडी पडली की मण्यांत भेग जाते, तम्मा. मग काहीही ओत, भेगेतून सरळ खाली. काही धरून ठेवत नाही.” तोटीकडे बघत म्हणाले, “महेशशी मी असाच कोरडा बोललो होतो.”

महेश त्यांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी रागानं गोव्याला गेला. अण्णा त्याला रोज फोन करतात. तो उचलत नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

पिवळा उतरला. उरलेला अर्धा अर्क रविवारी मीच उतरवतो, असं सांगून अण्णांनी मला हुबळीला घरी पाठवलं.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. “बंद!” एवढंच म्हणाले आणि फोन कट.

काय बंद? परत फोन लावला, तर उचलेनात. मिळेल ती बस धरून धारवाड गाठलं. प्रयोगशाळेला कुलूप. तसाच मळमड्डीला पळालो. अण्णांच्या दारात त्यांच्या चपलांशेजारी मोठे बूट होते.

“अण्णा, नळी?”

“ओली आहे. पाणी घालून आलोय. तुझा अर्क दुपारी उतरवू.”

“मग बंद काय?”

आतल्या खोलीत कुणीतरी बशीत चहा ओतत होतं. अण्णांचे पाय एका जागी ठरत नव्हते.

“कन्नडातला, तम्मा. कन्नडातला.”