वेदीपुढच्या दोन पेट्या

माझ्या कानाबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, राहुरीत कुणालाही विचारा. वर्गात शेवटच्या बाकावर कोण गुणगुणतंय हे मी फळ्याकडे तोंड करून सांगतो. त्यामुळे सुप्याचा रविराज दोन जुने सिंथेसायझर माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "कृपादान सर, यातला एक तुमच्या चर्चला दिला, कोणता ते तुम्हीच ठरवा," तेव्हा मला वाटलं, चला, काम योग्य माणसाकडे आलं!

रविराजचा पूर्वी ऑर्केस्ट्रा होता, आता तो कंपनीत आहे. दुसरी पेटी त्यानं पुण्यात एकाला कबूल केली होती, म्हणून सोमवारी ती परत द्यायची होती. मी मात्र आमच्या गायनमंडळाला छातीठोकपणे सांगून बसलो होतो की यंदाच्या नाताळात असा आवाज ऐकवतो की मागच्या बाकावरचे झोपलेलेही उठतील.

आता सिंथेसायझर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काळ्यापांढऱ्या पट्ट्या आल्या असतील. याला पट्ट्याच नव्हत्या. रॅकमध्ये सरकवायचा लांबट लोखंडी डबा, तोंडावर बटनं आणि लाल दिवे. आपला कीबोर्ड वायरीनं जोडायचा, की आवाज या डब्यातून येतो. दोन्ही एकाच कंपनीचे, चाळीस वर्षांपूर्वीचे, दोन्ही काळे. रविराजच्या मते एकाचा आवाज भरदार होता, दुसऱ्याचा नितळ.

घरी मी डोळे मिटून बसलो आणि बायकोला, दयाला, वायर बदलायला लावली. दहापैकी पाच वेळा मी बरोबर ओळखलं.

"नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं," दया म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. असल्या गोष्टी घरात कळत नाहीत, त्याला मोठी जागा लागते. रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण होता. पहिलं गीत एका पेटीवर वाजवायचं, दुसरं दुसरीवर, आणि मग निकाल द्यायचा असं मी ठरवलं. विजेचा बोर्ड फक्त वेदीजवळ होता, म्हणून दोन्ही पेट्या वेदीपुढे मांडल्या.

हंगामाच्या सणाला आमच्याकडे जो तो आपल्या घरचं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतो. मका, भोपळे, ऊस, अंडी, जिवंत कोंबड्या. उपासना संपली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो, आणि जे येईल ते देवाच्या कामाला जातं. हे मी लहानपणापासून बघतोय. तरीही उपासना संपल्या संपल्या मी बाहेर चिंचेखाली गेलो आणि दोन्ही आवाजांतला फरक रविराजला फोनवर समजावत बसलो. वीस मिनिटं.

परत आलो तर वेदीपुढे स्टीफनकाका, आमचे लिलाववाले, माझी पेटी डोक्यावर धरून उभे. तिच्यावर कुणीतरी भोपळा ठेवला होता, तो त्यांनी काखेत मारला होता.

"बटनांची पेटी! लई जड हाय! बोला!"

मी पुरुषांच्या बाजूनं पुढे धावलो आणि हळूच म्हणालो, "काका, ती माझी आहे."

"आता देवाची हाय," काका माझ्या कानात म्हणाले. "वेदीपुढं ठिवलेलं माघारी न्यायचं न्हाई, मास्तर. पायजे तर बोली लावा."

उपासना घेणारे पाळकसाहेब माझ्याकडेच बघत होते. चारशे माणसांसमोर देवाशी भांडण कोण करणार? मी पुरुषांत जाऊन नुसता हात वर करून बोली लावली. तोच बायकांच्या बाजूनं आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या झुंबरबाईचा खणखणीत आवाज आला, "हिकडून शंभर वर!"

आमच्याकडे पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. मध्ये उसाच्या मोळ्यांची ही उंच भिंत उभी केलेली. पलीकडचं काही दिसेना. मी वाढवलं की पलीकडून वाढे. पुरुष मला चढवायला लागले, "हटायचं न्हाई!" तिकडे बायका टाळ्या पिटत होत्या. असा रंगलेला लिलाव चर्चमध्ये कधी झाला नव्हता. शेवटी माझ्या अर्ध्या पगाराला मी माघार घेतली आणि पेटी बायकांच्या बाजूला गेली.

कोणी घेतली म्हणून बघायला मी उसाला वळसा घातला. पेटी मांडीवर घेऊन दया बसली होती.

"वाचवली बाई कशीबशी," ती घाम पुसत म्हणाली. "मला बोलायची लाज वाटत होती, म्हणून झुंबरबाईंना ओरडायला लावलं. पुरुषांत कोण मेला एवढा हटून बसला होता हो?"

मी तिच्या शेजारी बसलो. मग विचारलं, "आणि दुसरी पेटी?"

"ती व्हय?" झुंबरबाई म्हणाली. "ती पयलीच निघाली. कुनी बोलंना, मग म्या घेतली. पन्नास रुपयात."

सोमवारी रविराज आला. कबूल केल्याप्रमाणे एक पेटी परत द्यायची होती आणि घरात एकच होती. दयानं ती स्वतः उचलून त्याच्या हातात दिली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"म्हणजे दुसरी ठेवली तर!" रविराज खूश झाला. "सर, कान असावा तर असा."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी झुंबरबाईच्या घरी गेलो. सगळी हकिगत ऐकून म्हातारी पोट धरून हसली आणि म्हणाली, "घिऊन जा की. पैसं बी नको. देवाच्याच घरी जायची हाय." माझा जीव भांड्यात पडला.

"फकस्त अंडी फुटू दे," ती म्हणाली.

पडवीत पेटी बोर्डाला लावलेली, लाल दिवे चालू. वर पाटीत भुसा आणि भुशावर अंडी उबवत बसलेली, लिलावातलीच एक खुडूक कोंबडी.

"लावून ठिवली की छान गरम व्हती. थंडीत लई उपेगाची," झुंबरबाई कौतुकानं म्हणाली. "कालच बसवली. एकवीस दिस."

"आजी, नाताळ सतरा दिवसांवर आलाय."

"मंग तिला सांग," म्हातारीनं कोंबडीकडे बोट दाखवलं.

यंदा नाताळची गाणी झुंबरबाईच्या पडवीत म्हणायचं ठरलं आहे. कीबोर्ड मी तिथेच नेऊन जोडतो. सध्या सराव चालू आहे, पण अगदी हळू आवाजात. कोंबडी उठली तर पिल्लांची भरपाई माझ्याकडून घेणार, असं म्हातारीनं पाळकसाहेबांसमोर वदवून घेतलं आहे.