पाटावरची तार

श्रेयाने भट्टीत तार वाढवली होती. पुण्याच्या प्रयोगशाळेत, जस्ताच्या भुकटीपासून, केसाहून बारीक. ती लवचिक प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवली, की पट्टी जराशी वाकताच इवलीशी वीज तयार होई आणि संगणकावरची रेघ उडे. वर्षभराच्या खटपटीत मनासारख्या लांबीची एकच तार हाती लागली होती. परदेशातले परीक्षक आज चार वाजता ती ऑनलाइन बघणार होते. पसंत पडली तर शिष्यवृत्ती. त्यांना खंडेनवमी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. श्रेया मात्र सणासाठी सणसरला घरी आली होती आणि पट्टी टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. इथंच घोटाळा झाला.

येऊन बघते तो टेबल रिकामं. पट्टी देवघरात, पाटावर, कोयता आणि ट्रॅक्टरचा पाना यांच्या मधोमध. अर्धी पाटाबाहेर डोकावणारी. वर चिमूटभर हळदकुंकू, टोकाला झेंडूचं फूल.

"आबा! हे काय केलं तुमी?"

"पूजा," आजोबा रामहरी शांतपणे म्हणाले. "तुजं हत्यार ह्येच न्हवं? आता उद्या दसऱ्यापतूर हात लावायचा न्हाय."

"अहो, चार वाजता दाखवायचीय ती!"

"दाखव की. दाखवायला कोण नगं म्हणतंय? चालवायचं न्हाय."

रामहरींनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. शेवटी आजी, कौसल्या, मध्ये पडली. "पट्टी हलवू नगंस बाय. तुजं मशीनच हितं आण."

संगणक देवघरात आला. पट्टीला संगणकाच्या वायरीचे दोन चिमटे लावेपर्यंत आबांनी तोंड फिरवलं. तेवढी सवलत नातीला मिळाली.

चार वाजता पडद्यावर परीक्षक आले आणि म्हणाले, "पट्टी वाकवून दाखवा."

श्रेयाने आबांकडे पाहिलं. आबांनी देवाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नगं," आजी म्हणाली. "आरती ऱ्हायलीय, ती करू. देवालाच काळजी."

टाळ वाजले, घंटा वाजली. पाट हादरू लागला, टोकाचा झेंडू डुलू लागला, पट्टी वाकू लागली, आणि रेघ आरतीच्या ठेक्यावर उड्या मारू लागली. परीक्षक खुर्चीत पुढं सरकले. आता पुरे, अशी श्रेयाने खूण केली. पण आरती अर्धी सोडायची पद्धत नव्हती. गणपतीची झाली, देवीची झाली, खंडोबाची झाली. तार टिकली.

"उत्तम!" परीक्षक म्हणाले. "आता काहीच न करता सरळ रेघ दाखवा. तेवढं जमलं की झालं."

सगळे गप्प झाले. रेघ मात्र थरथरतच राहिली. तार तुटली, असं श्रेयाला वाटलं. मग तिची नजर खाली गेली. शेजारी बसलेल्या आबांनी पाटाची कड घट्ट धरली होती आणि त्यांचा हात कापत होता.

"आबा," ती कुजबुजली, "हात लावायचा न्हवता ना?"

"हत्याराला कुठं लावलाय? पाट धरलाय." आबा पडद्याकडे बघत म्हणाले. "त्या बाबाचं तोंड बगून पोटात गोळा आलाय माज्या. पोरीला पास करतोय का न्हाय?"

आजीने त्यांचा हात उचलून आपल्या हातात घेतला. रेघ सरळ झाली.