पिंपातली मोसंबी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने झाडाला घाबरावं असं काही नाही, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. "झाड म्हणजे काय, दातच की. मूळ खाली, शेंडा वर आणि मधे कीड लागू द्यायची नाही," असं त्याने दवाखान्यामागच्या आपल्या खोलीत प्लॅस्टरचा साचा घासता घासता ऐकवलं. ऐकायला दाताचे डॉक्टर होते आणि रिसेप्शनवरच्या बाई होत्या. डॉक्टरांनी मान हलवली. बाईंनी विचारलं, "याआधी कधी झाड लावलंय का?" त्यावर तो म्हणाला की दात तरी कुठे आधी लावले होते, शिकलोच ना. बावीस वर्षं तो लोकांच्या तोंडात बत्तिशी बसवत होता. बाल्कनीत एक मोसंबी जगवणं म्हणजे त्याच्या लेखी हातचा मळ होता.

कारण मात्र गंभीर होतं. सासरे दोन महिन्यांपूर्वी बाग विकून त्यांच्याकडे राहायला आले होते. चाळीस वर्षं मोसंबी पिकवलेला माणूस. गुडघ्यांनी संप पुकारला आणि बाग गेली. तेव्हापासून ते हॉलमधल्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत. जेवायला बोलावलं की "हं." झोप लागली का विचारलं की "हं." बायको हॉस्पिटलात नर्स होती, मरणासन्न माणसांना हसवून सोडायची, पण घरच्या या पेशंटपुढे तिनेही हात टेकले होते.

"बाबांना एक झाड आणू या," जावई म्हणाला. "समोर झाड दिसलं की माणूस उठून बसतो."

"आणा. पण त्यांच्यासाठी आणलंय म्हणून सांगू नका," बायको म्हणाली. "बाग गेली आणि हातात कुंडी दिली, असं वाटेल त्यांना. तुमच्यासाठीच आणलंय म्हणायचं."

झालं. त्याने मोसंबीचं कमरेएवढं कलम आणलं. रोपवाटिकेतल्या गमबुटं घातलेल्या बाईंनी तीन वाक्यांत सगळं शास्त्र सांगितलं. तळाला मोठी भोकं पाडा, ऊन द्या आणि बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घाला. त्याने ते एका कानाने ऐकलं. निळं पिंप अर्धं कापलं आणि दवाखान्यातल्या दात कोरायच्या मशीनने तळाला चार भोकं पाडली. भोकं अतिशय सुबक होती. दाढेत शोभली असती.

सासऱ्यांनी पिंपाकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

"हं," ते म्हणाले.

"बघितलंस? सुधारणा आहे," जावई स्वयंपाकघरात येऊन कुजबुजला. "आजचा 'हं' जरा लांब होता."

रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो झाडाला बादलीभर पाणी घालू लागला. शेजारी उभा राहून दोन शब्द बोलूही लागला, कारण झाडांशी बोललं की ती वाढतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. "काय, कसं काय? मजेत ना?" सासरे खुर्चीतून हे पाहत. पंधराव्या दिवशी पानं पिवळी पडली. त्याने बादली मोठी केली.

त्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त वकीलबाई वर आल्या. हातात एक चादर होती. चादरीवर चहाच्या रंगाचे नकाशे उमटले होते.

"रविवार सोडला तर रोज दुपारी एक वाजता तुमच्या बाल्कनीच्या पाइपातून माझ्या वाळणावर चिखल पडतो."

"एक वाजता मी कामावर असतो, बाई. मी पाणी सकाळी आठला घालतो."

"मग एकला कोण घालतं?"

"कुणीच नाही."

"चिखल स्वतःहून पडतो, असं तुमचं म्हणणं आहे?"

त्याने आत खुर्चीत बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे भिंतीकडे बघत होते. बिचारे, उठून पाणी पितानाही ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ते काय चिखल पाडणार? त्याने बाईंची माफी मागितली, चादर धुऊन देण्याचं कबूल केलं आणि मनात म्हटलं, बाईंचं वय झालंय, असं व्हायचंच.

चादर दोनदा धुतली. नकाशे फिके झाले, गेले नाहीत. झाडाची पानं मात्र साफ गेली. उरल्या त्या काटेरी काड्या. सासरे आता जेवणही निम्मं सोडू लागले होते, आणि उजाड झाड बघून त्यांना आपली बाग आठवत असणार, या विचाराने जावयाला घास गिळवेना. शेवटी एका सोमवारी बायको बाबांना डोळे तपासायला घेऊन गेली, तेव्हा त्याने अर्धा दिवस सुटी काढली, रोपवाटिकेतून तेवढंच दुसरं झाड आणलं आणि घाम पुसत पिंपात बसवलं. जुनं गोणत्यात घालून नेऊन टाकलं. संध्याकाळी सासऱ्यांनी नव्या झाडाची पानं न्याहाळली, बुंधा न्याहाळला.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी कधी नव्हे ती जावयाच्या पाठीवर थाप मारली.

दुसरं झाड तीन आठवड्यांत मान टाकून बसलं. आता तिसरं आणायला सवड कधी काढायची, या काळजीत तो एका संध्याकाळी घरी आला, आणि बाल्कनीत पाय टाकताच खिळून राहिला. झाड हिरवंगार होतं. सकाळपेक्षा वीतभर उंच होतं. आणि एका फांदीला चक्क एक फळ लोंबत होतं.

त्या रात्रीच्या जेवणात तो खतावर पाऊण तास बोलला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तर त्याला आवरणं कठीण झालं. एका दिवसात फळ धरतं का, असं रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं. त्यावर तो म्हणाला की काळजीपूर्वक केलं तर धरतं.

आठ दिवसांनी फळ गळालं. मागोमाग पानं गळाली. खालच्या बाईंची तिसरी चादर वर आली. आता मात्र त्याचा धीर सुटला. कामावरून तडक तो रोपवाटिकेत गेला आणि एक मोसंबी मागितली.

गमबुटवाल्या बाईंनी हातातली झारी खाली ठेवली. "तुमच्या घरात झाडं खातात का हो?"

"म्हणजे?"

"दोन तुम्ही नेलीत. एक तुमच्या घरच्या आजोबांनी फोन करून मागवलं, आमच्या पोऱ्याने पिंपात बसवून दिलं. पत्ता एकच, मजला एकच. आजोबा म्हणाले, फळ लागलेलं द्या, जावयाच्या डोक्यावर परिणाम झालाय, झाडाशी बोलतो, हेही मेलं तर त्याचं काही खरं नाही."

तो तसाच रिकाम्या हाताने परतला. घरी आला तर सासरे बाल्कनीत स्टुलावर बसले होते. हातात वाटी होती. पिंपातलं पाणी वाटीवाटीने उपसून ते पाइपात ओतत होते. 

"बाबा, हे काय?"

"पाणी काढतोय."

"का?"

"तुम्ही घालता म्हणून." सासऱ्यांनी वाटी ठेवली. या घरात आल्यापासून जावयाशी त्यांनी बोललेलं हे पहिलं अख्खं वाक्य होतं, आणि त्यामागून धरण फुटावं तशी बाकीची आली. "जावईबापू, वाळून मेलेली झाडं मी शेकड्याने पाहिली. बुडून मेलेलं पहिल्यांदा पाहतोय. सुईच्या भोकातून पाणी जातं का? मुळं सडली. रोज दुपारी मी उपसतो, आणि संध्याकाळी बघावं तर पिंप पुन्हा काठोकाठ. म्हणून आज दुसऱ्यांदा बसलो. मी म्हातारा माणूस, किती उपसू?"

"संध्याकाळी? मी तर फक्त सकाळी घालतो."

दारात नुकतीच ड्यूटीवरून आलेली बायको उभी होती. तिच्या हातात तांब्या होता. तिने तो पाठीमागे लपवायला थोडा उशीर केला.

"पाणी खाली गेलेलं दिसायचं," ती म्हणाली. "मला वाटलं, यांचं विसरून राहिलं."

जावयाने तिच्या हातातून तांब्या घेऊन खाली ठेवला. मग जावयाने खालच्या आवाजात म्हटलं, "पण बाबा, तुम्ही एकदा तरी बोलायचं होतं."

"हिने बजावलं होतं. झाड का आणलं विचारलं, तर म्हणाली, त्यांच्या मनावर ताण आहे, झाडाने बरं वाटेल, तुम्ही चुका काढू नका. म्हटलं, भला माणूस आहे, मन राखावं."

"माझ्या मनावर काही ताण नव्हता. तुमच्यासाठी आणलं होतं ते."

"माझ्यासाठी?" सासऱ्यांनी त्या काड्यांकडे पाहिलं. "मला ते मरताना बघवेना म्हणून जेवण जाईना."

बायको खाली बसली आणि हसू लागली. ते हसणं मधेच कधी रडणं झालं ते तिलाही कळलं नाही.

सासऱ्यांनी नखाने बुंध्याची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. त्यांनी झाड उपटायला लावलं, सडकी मुळं छाटली, पिंपाला मुठीएवढी भोकं पाडून घेतली, माती बदलली, आणि मग दोघांना समोर उभं करून हुकूम सोडला. "आता याला हात लावायचा नाही. पाणी नाही, खत नाही, गप्पा नाहीत. याचा जीव तुमच्या मायेने चाललाय."

पाच आठवडे घरात कोणी झाडाकडे वळून पाहिलं नाही. सासरे मात्र अखंड बोलत होते. भाजी कशी चिरावी, नळ कसा बंद करावा, कवळी कशी घासावी, सगळ्यावर. जावई कामावर लवकर जाऊ लागला. घरी परतायचं त्याच्या जिवावर येई. सासरे पुढच्या आठवड्यात धाकट्या मुलीकडे राहायला जाणार होते, तेवढ्या एका आशेवर तो तग धरून होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी बाल्कनीतून सासऱ्यांची हाक आली. बुंध्याला बोटभर कोंब फुटला होता, लुसलुशीत आणि तजेलदार. जावयाचे डोळे भरून आले. "जगलं म्हणायचं."

सासरे चष्मा लावून वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. "मोसंबी मेली," ते म्हणाले. "हा कोंब कलमाच्या सांध्याखालून आलाय. ज्यावर मोसंबी बांधली होती, तो खालचा रानटी खुंट तेवढा जगला."

"मग काढून टाकू या."

"जगलेलं झाड काढायचं? फळ धरेल की. सात-आठ वर्षं लागतील, पण धरेल."

"कसं असतं फळ?"

"कडू. तोंडात घालवत नाही." सासरे स्टुलावर ऐसपैस बसले. इतके खुशीत ते या घरात आल्यापासून कधी दिसले नव्हते. "पण तुमच्या हाती सोपवून जाता यायचं नाही. धाकटीला फोन लावा बघू. म्हणावं, माझी वाट बघू नकोस."

जावयाने फोन लावून दिला.