दुपारचं नागपूर

रेडिओ एकदा दुपारीही लावून पाहायचा, एवढंच माझ्या हातून राहिलं. रोज दिवेलागणीनंतर नागपूर कसं शेजारच्या ओट्यावर बसून बोलल्यासारखं यायचं. म्हणून मेहुणा छगन तिथून दुपारी भजन गाणार असं कळताच मी सासऱ्यांना सारंगखेड्याहून शहाद्याला बोलावून घेतलं. (बायकोला न विचारता. आमचं शौर्य एवढंच.)

छगन शेती सोडून गाण्यापायी नागपूरला गेला, तेव्हापासून सासरे, भाईदासआबा, त्याचं नाव घरात काढू देत नव्हते. माझी बायको गजरा म्हणायची, आबांनी एकदा त्याचा आवाज ऐकला की राग निवेल. त्यासाठी तिनं नवसही बोलला होता.

एरियलची तार धाब्यातल्या, म्हणजे मातीच्या सपाट छपरातल्या, धुराच्या भोकातून खाली येई, म्हणून रेडिओ चुलीजवळच होता. आबा त्याला कान लावून बसले. मी बटण फिरवलं. नुसती खरखर.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"येई ऱ्हायना, आबा," गजरानं येतोयच म्हणून धीर दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी थेट धाब्यावर चढलो.

तार ओढली, एरियलचा बांबू फिरवला. "आवाज येस का?"

"नही!" गजरा खालून ओरडली.

मग मी तिला परसात, जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या तारेवर पाणी ओतायला पिटाळलं. आबा खाली एकटेच उरले.

सूर्य डोक्यावर तळपत होता. बाप-लेकाच्या मध्ये तोच आडवा आलाय, हे मला काय ठाऊक! दिवसा तो वर असला की दूरचं स्टेशन लागत नाही, मावळला की लागतं, हे पुढं रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं सांगितलं. तेव्हा मी बिचाऱ्या तारेलाच शिव्या देत होतो. लेकाच्या आवाजासाठी खरखरीला कान लावून बसलेला तो म्हातारा माणूस आठवला आणि मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी गातो. (घरात त्याला बंदी आहे.) भोकाशी बसून, तार हलवत, छगन नेहमी म्हणायचा तेच भजन मी म्हणू लागलो.

खाली आलो तर आबा डोळे पुसत होते. गजरा घागर घेऊन दारातच थबकली.

"आबा, आयकं का?"

"आयकं. पुरं आयकं. गजरा, त्याले घर बलाई ले. मी उगाच राग धरा. असा गळाना पोऱ्याले नागपूरमा भाकर कोन देई?"

गजरानं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"खरं शे, आबा," ती म्हणाली.